प्रभूला दिलेल्या गोळ्या

८ जानेवारी, गुरुवार
समुपदेशनाची माझी खोली उघडली तर खुर्चीवर गुळाचा रवा, अख्खी ढेप. टेबलावर आणखी दोन. कोपऱ्यात उसाची मोळी. हंगामाच्या उपकारस्तुतीचं, पिकाचे आभार मानायच्या सणाचं सामान म्हणे, चर्चच्या आवारात ठेवायला दुसरी जागा नाही. माणसं जिथे येऊन रडतात ती खोली यांना गोडाऊन म्हणूनच दिसते. दर वर्षी हेच. भांडून भांडून माझा घसा बसला.

महिला मंडळाच्या अध्यक्षा नलिनीबाई, त्यांना फोन लावला. "सणापतोर सोसा की ताई. गूळच हाय, बॉम्ब न्हवं." मोबाइल आपटून ठेवता येत नाही, हे एक मोठं दुःख आहे.

साडेचारला जाई आली. (खरं नाव रोजनिशीतही लिहायचं नाही, हा माझाच नियम. नलिनीबाई हेही खोटंच नाव. पण जाई त्यांची सून आहे, हे लिहावंच लागणार. सगळा घोळ तिथेच आहे.) बाळंतपणानंतर मन खचलं ते खचलंच. मागच्या पावसाळ्यात पंचगंगेच्या पुलावर कठड्याला धरून उभी होती, घरच्यांनी आणली. तेव्हापासून मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या गोळ्या आणि दर गुरुवारी माझ्याकडे. आता झोपते. जेवते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली लॅबची नोकरी पुन्हा धरली. आज मुंग्या झटकत हसली चक्क. "ताई, तुमच्याकडं आता गोड माणसंच येणार."

गोळ्या किती दिवस, विचारत होती. म्हटलं, ते डॉक्टर ठरवतील, आणि थांबवायच्या तेव्हा हळूहळू उतरवतात, एकदम नाही. शेवटी म्हणाली, प्रार्थना करा. केली. क्लायंटने मागितली तरच करायची, दार लावून, थोडक्यात. हाही नियमच.

११ जानेवारी, रविवार
संताप.

उपासनेत प्रार्थनाविनंत्यांची वेळ. माइक घेऊन एकेक उठतात. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची भरती. मग न.बाई. जरीकाठ, पदर डोक्यावर. "आमच्या सूनबाईच्या डोक्याच्या गोळ्या सुटाव्यात म्हणून मंडळीनं प्रार्थना करावी." अख्खं चर्च: आमेन!

सूनबाई तिसऱ्या बाकावर. मांडीवर बाळ. मान खाली.

मी काय करू शकत होते? काही नाही. तोंड उघडलं असतं तर ती माझ्याकडे येते यावर मीच शिक्का मारला असता. गुपित पाळायची शपथ मी घेतलीय. आणि ह्या बाईने ते प्रार्थनेत गुंडाळून लाउडस्पीकरवर वाटलं. चौकात बोललं तर चहाडी, चर्चमध्ये बोललं तर मध्यस्थीची प्रार्थना. वा!

बाहेर सुलोचनाआजींनी जाईला गाठलं. "त्या गोळ्यांनी मेंदू मऊ पडतो गं पोरी." आजी स्वतः बीपीची, साखरेची, गुडघ्याची अशी मूठभर औषधं खातात. त्यांचा मेंदू दगडासारखा शाबूत आहे.

१३ जानेवारी, मंगळवार
पाळकसाहेबांना भेटले. (पा.सा. तरुण आहेत, येऊन तीनच महिने झाले. आवाज चांगला. तोच त्यांचा रोग आहे.)

मी : गोळ्यांबद्दल व्यासपीठावरून काहीतरी बोला. औषध घेणं पाप नाही एवढं तरी.
ते : ताई, मी कुणालाच गोळ्या सोड म्हटलं नाही. मी फक्त विश्वास धरा म्हणतो.
मी : मग तुमचा चष्मा काढा आणि विश्वासाने शास्त्र वाचून दाखवा येत्या रविवारी.
ते : चष्मा वेगळा.
मी : का वेगळा?
ते : तो डोळ्यांचा आहे.

डोळा देवाने केला आणि डोकं बहुतेक आम्ही बाजारातून आणलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू आधी जेव." बरोबरच होतं, पण त्याचाही राग आला.

१५ जानेवारी, गुरुवार
सकाळी नवे एक गृहस्थ, कुरुंदवाडकडचे. मुलगा महिनाभर खोलीतून बाहेर येत नाही. उंबऱ्यातच थांबले. "बाई, एक इचारू? हितं बाटवत न्हाई न्हवं?" म्हटलं, "नाही हो. चहा पाजतो फक्त." बसले. तासभर बोलले. जाताना गुळाकडे बघून म्हणाले, "रवा झ्याक हाय. कुठल्या गुऱ्हाळाचा?" बाहेरच्या माणसाला माझी भीती वाटते, आतल्यांना माझ्या गोळ्यांची. मी मध्ये सापडलेय. माणसाचं डोकं ठिकाणावर यावं, एवढाच माझा धर्मप्रचार.

दुपारी जाई. रविवारचं मनाला लागलंय. एक वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवते : "ताई, आजाराचं कुणी बोलत न्हाई. गोळ्यांचंच बोलत्यात." खूप रडली. रडू दिलं. मागच्या वर्षी हिला रडूही येत नव्हतं, त्यामुळे हे बरंच म्हणायचं.

शेवटी प्रार्थना. मी म्हटलं, तुला जे जड झालंय ते त्याच्या पायाशी ठेव, एकटीने वाहू नको. डोळे पुसून, हलकी होऊन गेली. चांगलं सेशन.

१८ जानेवारी, रविवार
उपकारस्तुती. हा दिवस मला लहानपणापासून आवडतो. आवडायचा.

टेबलावर हंगामाची अर्पणं. रवे, ऊस, भोपळे, शाळवाची कणसं, नारळ, कुणाचा केक. न.बाईंचा कोंबडा पाय बांधून. तोच कोंबडा त्या दर वर्षी देवाला वाहतात आणि लिलावात स्वतःच बोली लावून घरी परत नेतात. सगळे हसतात. आमच्याकडे रीतच आहे : दिलेल्याचा लिलाव होतो, पैसे चर्चला, वस्तू घेणाऱ्याची.

रांगेत जाई उठली. वाटलं, नारळ असेल. टेबलाजवळ गेली आणि पर्समधून गोळ्यांची पाकिटं काढून दोन रव्यांच्या मध्ये ठेवली. सगळी.

टाळ्या! टाळ्या वाजवल्या मंडळीने. पा.सा.नी हात वर केले, आवाज चढवला. पोरीच्या तोंडावर काय होतं ते कुणी बघितलंच नाही. मी बघितलं. आनंद नव्हता. सुटका होती.

मी उठून उभी राहिले. ह्यांनी पदर ओढून खाली बसवलं. एका अर्थी बरं केलं. उभीच राहिले असते तर काय बोलून बसले असते कोण जाणे.

लिलाव चालू झाला, दानियलकाका नेहमीप्रमाणे ओरडत होते, मी गर्दीतून टेबलाशी गेले. पाकिटं नाहीत. चादरीखाली नाहीत. फेकली असणार. जाई निघून गेलेली.

प्रभू, आजपासून तुझ्याशी बोलणं बंद. तुझ्या नावाने चाललंय हे. तू बसलास तिथे टाळ्या ऐकत.

१९ जानेवारी, सोमवार
डॉक्टरांना फोन. त्या म्हणाल्या, एकदम तोडणं धोक्याचं, लगेच घेऊन या, आणि घरात एकटं ठेवू नका.

जाई फोन उचलत नाही. नवऱ्याला लावला, तो कंपनीत. "आई बगती न्हवं सगळं." म्हटलं, तुमच्या आईनेच केलंय हे सगळं! तो म्हणाला, "संध्याकाळी आईला इचारतो." आईला विचारतो! बायकोला विचार ना, बाबा.

२० जानेवारी, मंगळवार
आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

न.बाई स्वतः आल्या. मला वाटलं, उरलेले रवे न्यायला. दार लावलं आणि जे तोंडाला आलं ते बोलले. सुनेचा आजार माइकवर मांडलात. त्या पोरीला पुलावर पाठवणार आहात का पुन्हा. देवाचं नाव घेता आणि. बरंच काही. सगळं लिहीत नाही.

त्या उभ्या राहून ऐकत होत्या. मी दम घ्यायला थांबले तेव्हा पर्समधून हातरुमाल काढला. गाठ सोडली. आत पाकिटं. सगळी.

"मी काय खुळी हाय व्हय? लिलाव सुरू व्हायच्या आदी मीच उचलल्या."

मी खुर्चीवर बसले. रव्यावर बसले खरं तर.

"सुटाव्यात म्हटलं मी. टाकाव्यात न्हाई म्हटलं. बरी हूं दे आन मग डॉक्टरनं बंद कराव्यात, यवढंच मागितलं की देवाला. त्यात काय चुकलं? आन ताई, पुलावर तिला मी धरली हुती. ह्या दोन हातांनी. तुमी न्हवता. पाळक न्हवतं."

तरी माइकवर बोलणं चूकच होतं, ते मी सांगितलं. "आमच्यात समदं मंडळीतच सांगत्यात," म्हणाल्या. "दुसरं कुठं सांगायचं?" 

मग खरं काय ते बोलल्या. रविवारपासून रोज रात्री गोळी आणि पाणी घेऊन सुनेसमोर उभ्या राहतात. ती घेत नाही. म्हणते, प्रभूला दिलेलं परत कसं घेऊ.

"कुणी शिकवलं तिला हे? पाळकांनी?" मीच तावातावाने विचारलं.

"न्हाई. तुमीच सांगितलं म्हणती."

२१ जानेवारी, बुधवार
जड झालंय ते त्याच्या पायाशी ठेव. मी म्हणाले होते. आणि तिला आजार नव्हता जड झाला, गोळ्या जड झाल्या होत्या. तिने गुरुवारी तेच तर सांगितलं होतं. मी ते कौतुकाने लिहूनही ठेवलं इथे, आणि पुढच्याच ओळीत ते वाक्य. किती वर्षं म्हणतेय मी हे वाक्य, तोंडात बसलंय. तोंडात बसलेलं कानाला ऐकू येत नाही.

आठवडाभर पाळकावर, सासूवर, टाळ्यांवर रागावत होते. तो राग खोटा नव्हता. अजून आहे. पण आता तो घेऊन जायचं कुठे, कळत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार
जाई आली नाही. मी तिच्या घरी गेले. (क्लायंटच्या घरी जायचं नाही हा नियम. गेला खड्ड्यात.)

पलंगावर बसलेली. नोकरीवर गेली नव्हती. आत बाळ रडत होतं, ती उठली नाही. सासूने घेतलं. हे लक्षण मला ओळखीचं आहे.

सरळ विचारलं : पुलाचा विचार येतो का?
"न्हाई."
मग थोड्या वेळाने : "अजून न्हाई."

डॉक्टरांकडे चल म्हटलं. "येतो की. पण गोळ्या घेणार न्हाई." म्हटलं, अगं माझं चुकलं, मी तसं म्हणायला नको होतं. "तुमचं कुठं चुकलं? तुमी म्हटला ते खरंच हाय. मला हलकं वाटलं तवा." मेडिकलमधून नवीन पाकीट आणू का? मान हलवली. "पाकीट दिलं न्हाई ताई, गोळ्या दिल्या. आता घेतल्या तर चोरी."

तिथून डॉक्टरांकडे नेलंच. त्यांनी तासभर समजावलं. ती सगळ्याला हो म्हणत राहिली, फक्त गोळीला नाही. डॉक्टर म्हणाल्या, आणखी खाली गेली तर दाखल करू, तोवर डोळ्यात तेल घालून पाहा. नवऱ्याने रजा टाकलीय. उशिरा का होईना.

रिक्षात मनात प्रभूशी भांडले. बोलणं बंद आहे, भांडण नाही. तुला कशाला हव्यात गोळ्या? तुझं काय अडलंय?

२४ जानेवारी, शनिवार
सकाळी न.बाईंच्या दारात तो कोंबडा. वाहिलेला, परत आणलेला, उकिरडा उकरत आरामात. त्याच्याकडे बघत उभी राहिले आणि डोक्यात लख्ख झालं. याला कुणी चोरी म्हणत नाही! न.बाईंशी तिथेच ठरवलं : कोंबड्यासारख्या गोळ्याही बोली लावून त्यांनीच सोडवायच्या.

तडक पा.सा.कडे. उपकारस्तुतीतलं उरलेलं सामान आमच्यात पुढच्या रविवारी विकतात. म्हटलं, उद्या त्यात गोळ्याही घ्या.
"गोळ्यांचा लिलाव? देवाच्या घराची थट्टा करताय ताई. लोक हसतील."
"टाळ्या वाजवल्या तेव्हा नाही हसले."
"ते अर्पण होतं."
"मग कोंबडा काय होता?"
चष्मा पुसत म्हणाले, कमिटीला विचारावं लागेल. मी म्हटलं, पोर पुलावर गेली तर कमिटी धरायला येणार आहे का? आवाज इतका चढला की त्यांची बायको बाहेर आली. तिने पाणी दिलं, मला नाही, त्यांना. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मागच्या वर्षीचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते नवीन, आणि मीही तोंड शिवून बसलेली. आज न.बाईंच्या परवानगीने बोलले. तरी कमिटीचंच धरून बसले.

पण जाईची परवानगी? तिच्याशिवाय मी हे करणार नाही. फोन केला. पुण्याच्या माझ्या सुपरव्हायझरबाईंना हे कळलं तर चक्कर येऊन पडतील. गुपित पाळायचं राहिलं बाजूला, मी क्लायंटचं औषध भर मंडळीत पुकारायला निघालेय. जाईला स्पष्ट सांगितलं : सगळ्यांसमोर होईल. नको असेल तर नको म्हण.

म्हणाली : "समद्यांसमोरच दिल्या न्हवं."
मग हळूच : "आन कुणी बोलीच लावली न्हाई तर?"

२५ जानेवारी, रविवार
उपासना संपली. पा.सा. माझ्याकडे न बघता आत गेले. मला वाटलं, संपलं. टेबलावर एक भोपळा आणि फुटका रवा. मग पा.सा. बाहेर आले. हातात पाकिटं (न.बाईंनी सकाळी त्यांच्याकडे दिली होती). भोपळ्याशेजारी ठेवली. म्हणाले, "हेही आपल्या बहिणीने वाहिलं होतं. रीतीप्रमाणे." बस एवढंच. आवाज अजिबात चढवला नाही. आज पहिल्यांदा मला त्यांचं बोलणं आवडलं, आणि त्याचाही राग आला.

दानियलकाकांनी भोपळा विकला. रवा विकला. पाकिटं उचलली. कोंबड्याला ते "लढवय्या" म्हणतात, भोपळ्याला "महाराजा". याला काय म्हणावं त्यांना सुचेना. "ह्या... गोळ्या हायत. काय बोलता?"

शांतता. पंख्याचा आवाज.

मी न.बाईंकडे बघितलं. त्या हलल्या नाहीत. बोला की! ठरलं होतं ना! मला बोलायचं नव्हतं, मी बोलले असते तर ते औषध माझंच झालं असतं, मंडळीचं नाही. जाई मागच्या बाकावर, नवऱ्याच्या शेजारी, भिंतीकडे तोंड. मागच्या रविवारी टाळ्या वाजवणारे तेच हात मांडीवर गुमान. उठून एकेकाला हलवावंसं वाटत होतं.

आणि सुलोचनाआजी. मेंदू मऊ पडतो म्हणणाऱ्या. काठी टेकत अर्धवट उठल्या. "धर माझे अकरा रुपय."

मग एक मागून. मग भरतीवाल्या मुलाचे वडील. मग चढाओढच लागली, कोंबड्यासारखी. कुणी हसत होतं, कुणी हसत नव्हतं. एकाने तर मोठ्याने विचारलं, "ह्यानं झोप लागती का? मग मला पायजेतच." हशा. तमाशा मांडलाय पोरीचा, आणि मांडणारी मीच.

तेवढ्यात न.बाई उठल्या. पदर खोचला. एकदम सगळ्यांच्या वरचा आकडा टाकला आणि मंडळीकडे वळल्या. "बास! माझी सून हाय. बसा खाली समदी."

बसले. सगळे. दानियलकाकाही.

पाकिटं घेऊन त्या मागच्या बाकापर्यंत चालत गेल्या आणि जाईच्या मांडीवर ठेवली. "इकत घेतल्यात. देवाचं देणं फिटलं. आता ह्या माझ्या हायत, आन मी तुला देतो."

जाईने घेतली. बाळाच्या पिशवीत दुपट्याखाली ठेवली. माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला लागला नाही, आणि मी त्याच कामाचे पैसे घेते.

२७ जानेवारी, मंगळवार
न.बाईंना फोन. घेतली का?
"रातच्याला हातात घेतली. पेला भरून घेतला. मी दार लावून भाईर आलो."
बाहेर का आलात? बघायचं ना!
"समद्यांनी बगितलंय तिला लई दीस. न्हाई बगितलं मी."
विचारलंत तरी का?
"न्हाई."

इतका राग आला. आणि लगेच कळलं, आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईने एक दार लावून घेतलंय. हेच तर मी सांगत होते ना? पण आजच का, प्रभू! आजच कशाला!

डॉक्टरांना कळवलं. नवरा अजून रजेवर. आज बाळाला जाईने आंघोळ घातली, तो म्हणाला. गोळी एवढ्यात एवढा फरक करत नाही, मला माहीत आहे. म्हणजे यावरून काहीच ठरत नाही.

२९ जानेवारी, गुरुवार
खोली रिकामी केली. रवे गेले, मुंग्या राहिल्या. ओल्या फडक्याने टेबल दोनदा पुसलं.

साडेचार झाले. आली नाही. फोन करणार नाही असं ठरवलंय. तीनदा हातात घेतला.

ती आली आणि प्रार्थना करा म्हणाली तर काय करू? ते वाक्य पुन्हा तोंडातून निघणार नाही, एवढं नक्की. दुसरं अजून सुचलेलं नाही. प्रभूशी बोलणं बंदच आहे. त्याने आधी तोंड उघडावं.

फाटक वाजलं. बाळाचा आवाज. एकटीच आहे, सासू बरोबर नाही. चप्पल काढतेय.

आधी गोळीचं विचारणार. सरळ. बाकी सगळं नंतर.